पेटीवरचा मासा

आमच्या घरी पितळेचा एक डबा आहे. तो कोणी दिला, कोणाला दिला आणि कोणत्या साली दिला, हे सारे त्याच्या अंगावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत घातलेले आहे. मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही. असे एखादे भांडे त्याच्याही फडताळात असेलच. ज्या कारागिराने पत्रा ठोकून तो डबा घडवला त्याचे नाव मात्र त्यावर नाही. ते असावे असे आमच्यापैकी कोणाला कधी सुचलेही नाही. भांड्यावर नाव असायचे ते देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे. घडवणाऱ्याचा संबंध दुकानातल्या तराजूपाशी संपला.

हा डबा मला आठवला तो पॅरिसमध्ये, लूव्रच्या संग्रहालयात, एका फ्रेंच राणीच्या पेटीपुढे उभा असताना. तिथे माझी थोडी फजितीही झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका लेखात मी मोठ्या आत्मविश्वासाने असे लिहिले होते की, वस्तूच्या सौंदर्याचा विचार करताना तिच्यावरची नावे, मुद्रा, कुलचिन्हे बाजूला ठेवावीत. घाट पाहावा, प्रमाण पाहावे, धातूवर उजेड कसा उतरतो ते पाहावे. मालक कोण होता ही चौकशी इतिहासकाराने करावी, फार तर लिलाव पुकारणाऱ्याने. रसिकाला तिचे प्रयोजन नाही. हे मत आजही अनेकांचे आहे. मला ते आता टिकण्यासारखे वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्यासाठीच हा लेख.

ती पेटी १७२९-३० मधली. अशा पेटीला फ्रेंच भाषेत ‘नेसेसेर’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘आवश्यक’. प्रवासात किंवा महालातल्या एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना ज्यावाचून चालणार नाही अशा वस्तू एका पेटीत, प्रत्येकीला तिच्या मापाचा खण करून, बसवलेल्या असतात. या पेटीतल्या आवश्यक वस्तू कोणत्या? चहा, कॉफी आणि चॉकोलेट करण्याची व पिण्याची भांडी. चहा चीनचा, कॉफी अरबस्तानातली, चॉकोलेट अमेरिकेतले. तीन दिशांहून जहाजांनी आणलेली तीन पेये. ज्यांच्यावाचून त्याच शहरातल्या बहुसंख्य माणसांचे आयुष्यभर सहज चालत होते, त्यांना ‘आवश्यक’ म्हणण्यात त्या शब्दाचे सगळे सामाजिक मर्म आले. भांडी चांदीची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली, आणि त्यांच्या जोडीला चिनी मातीची. सोनाराचे नाव आंरी-निकोला कुझिने. पेटी कोणाची, तर पंधराव्या लुईची राणी मारी लेशचिन्स्का हिची. आणि तिच्या सजावटीत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो तो एक मासा.

हा मासा मी आधी केवळ नक्षी म्हणूनच पाहिला. मोठ्या डोक्याचा, खवल्यांचा, शेपटीला पीळ दिलेला. त्या वेळी फ्रेंच कलेत ज्या वळणाची सुरुवात होत होती त्यात शिंपले, लाटा, लव्हाळी, पाण्याने झिजलेले खडक यांचेच राज्य होते. अशा पाणथळ नक्षीत मासा पोहत आला तर त्याला कोणी हटकणार नाही. माझ्या जुन्या लेखातल्या नियमाप्रमाणे मी तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण तो मासा नक्षीतला मासा नव्हता. तो एक पदवी होता.

फ्रान्सच्या राजाच्या थोरल्या मुलाला, म्हणजे युवराजाला, ‘दोफँ’ म्हणत. दोफँ म्हणजे डॉल्फिन. ही पदवी आली कुठून हे पाहण्याजोगे आहे. आल्प्सच्या पायथ्याच्या आल्बों घराण्यातल्या गीग नावाच्या एका सरदाराला बाराव्या शतकात हे नाव चिकटले. नावावरून पुढे त्या घराण्याने ढालीवर मासा घेतला: सोनेरी जमिनीवर निळा डॉल्फिन. म्हणजे हे चिन्ह मुळात नावावरची एक कोटी. युरोपच्या कुलचिन्हविद्येत अशी ‘बोलकी’ चिन्हे विपुल आहेत. नाव ऐकले की चित्र दिसावे आणि चित्र पाहिले की नाव ओठांवर यावे, हीच त्यांची युक्ती. ही पदवी लावणाऱ्या त्या सरदारांपैकी शेवटचा दुसरा अँबेर. त्याला मूल उरले नव्हते आणि कर्ज फार होते. त्याने १३४९ मध्ये आपला मुलूख फ्रान्सच्या राजघराण्याला मोबदला घेऊन देऊन टाकला आणि स्वतः धर्मसंघात जाऊन साधू झाला. मुलखाबरोबर पदवी गेली, आणि पदवीबरोबर मासा. तेव्हापासून फ्रान्सच्या युवराजाच्या ढालीवर राजघराण्याच्या कमळांशेजारी हा विकत घेतलेला मासा आला.

आता राणीच्या पेटीवर युवराजाचे चिन्ह का, हा प्रश्न उरतो; आणि इथे त्या पेटीची खरी कथा सुरू होते.

मारी ही पोलंडच्या स्तानिस्वाव लेशचिन्स्कीची मुलगी. स्तानिस्वाव १७०४ मध्ये राजा झाला आणि १७०९ मध्ये त्याचे सिंहासन गेले. मारीची वाढ झाली ती परक्यांच्या आश्रयाने, अखेर आल्सासमधल्या विसांबूर या गावी, हात आखडून चालणाऱ्या घरात. इकडे व्हर्सायला पंधराव्या लुईसाठी आणून ठेवलेली स्पेनची राजकन्या अवघी सात वर्षांची होती. वारसाची घाई झालेल्या दरबाराने १७२५ मध्ये तिला माहेरी परत पाठवले आणि युरोपातल्या उपवर राजकन्यांची यादी केली. त्या यादीतून निवड झाली ती या पदभ्रष्ट राजाच्या मुलीची. लग्नाच्या वेळी नवरा पंधरा वर्षांचा, नवरी बावीसची. दरबाराला हे लग्न कमीपणाचे वाटले आणि ते त्याने लपवलेही नाही. तिला १७२७ मध्ये जुळ्या मुली झाल्या. १७२८ मध्ये तिसरी मुलगी. आणि ४ सप्टेंबर १७२९ रोजी मुलगा. ही पेटी त्या मुलाच्या जन्माच्या आनंदातली भेट मानली जाते. सजावटीतला मासा हा तो मुलगा.

आपल्याकडच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. मुलगा झाल्यावर सुनेच्या अंगावर दागिना चढतो, तो तिच्यासाठी असतो हे खरे, पण तिच्यामुळे नसतो. त्या दागिन्याची भाषा नीट ऐकली तर ती म्हणते, आता तू या घरची झालीस. कुझिनेच्या त्या देखण्या भांड्यांपुढे उभा असताना मला वाटले की राणीच्या हातात रोज सकाळी चॉकोलेटबरोबर एक आठवणही दिली जात होती: तुझी जागा या माशाने निश्चित केली आहे.

राणीला स्वतःचे चिन्ह नव्हते असे नाही. लेशचिन्स्की घराण्याचे चिन्ह ‘व्हिएनियाव्हा’: सोनेरी जमिनीवर रानबैलाचे काळे मस्तक आणि त्याच्या नाकात कडी. पोलंडच्या कुलचिन्हांची रीत फ्रान्सहून वेगळी होती. तिथे एक चिन्ह एकाच घराण्याचे नसे. रक्ताचे नाते नसलेली कितीतरी घराणी एकाच चिन्हाखाली नांदत. मराठी माणसाने देवकाची आठवण केली तर त्याला हे चटकन उमगेल. आडनावे निराळी, गावे निराळी, पण कळंबाचे देवक एक. दोहोंत फरक एवढाच की देवक लग्नमंडपात पुजायचे असते आणि हे चिन्ह ढालीवरून मिरवायचे असते.

राणी झाल्यावर मारीच्या ढालीचे दोन उभे भाग झाले. एका बाजूला नवऱ्याची तीन सोनेरी कमळे, निळ्या जमिनीवर. दुसऱ्या बाजूला पोलंडचा गरुड आणि लिथुएनियाचा घोडेस्वार असे चार घरांत मांडलेले, आणि त्या चारांच्या छातीवर लहानशा ढालीत तो रानबैल. तिच्या ग्रंथांच्या चामडी बांधणीवर हे चिन्ह सोन्यात ठसवलेले आढळते. ते वाचायला शिकले की मोठी मौज वाटते. गेलेल्या राज्याचा गरुड मुलीने सोडलेला नाही. आणि खुद्द घराण्याचे जनावर मध्यभागी, पण सर्वांत लहान. आत्मचरित्राचे एखादे प्रकरण इतक्या थोड्या जागेत क्वचितच मावले असेल.

वाचायला शिकले की, असे मी म्हटले, ते अलंकारिक अर्थाने नव्हे. कुलचिन्हाला व्याकरण असते. दोन धातू, सोने व चांदी. आणि मुख्य रंग पाच, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. धुळीत, दुरून, घोड्यावरच्या चिलखती माणसाला ओळखता यावे म्हणून काढलेला हा नियम. पण चांदीच्या ताटावर किंवा पेटीवरच्या पत्र्यावर रंग कुठून आणायचा? त्यासाठी कोरणाऱ्यांनी रेघांची एक लिपी पत्करली. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ मधील ग्रंथाने ती सर्वत्र नेली. ठिपके म्हणजे सोने. कोरी जागा म्हणजे चांदी. आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, उभ्याआडव्यांची जाळी म्हणजे काळा. म्हणून रानबैलाच्या भोवती ठिपके दिसतील आणि त्याच्या तोंडावर जाळी. ज्याला ही लिपी येत नाही त्याला तिथे फक्त पोत दिसतो. मीही अनेक वर्षे तो पोतच पाहत होतो आणि त्याला सौंदर्यदृष्टी म्हणत होतो.

तेव्हा पहिला मुद्दा असा की, कुलचिन्ह हे वस्तूवर बाहेरून चिकटवलेले पत्र नव्हे. कुझिनेचे यश नेमके कशात आहे हे चिन्ह वगळून सांगताच येत नाही. त्याला एक पदवी घडवायची होती. ती त्याने सिंहासारखी समोर उभी केली नाही. शिंपल्यांच्या आणि लाटांच्या वळणात ती अशी मिसळली की प्रथम मासा दिसावा आणि मग अधिकार. नक्षी आणि आज्ञा एकच झाली आहे. जो फक्त नक्षी पाहतो त्याला कुझिनेचे निम्मे कौशल्य दिसत नाही. जो फक्त आज्ञा पाहतो त्यालाही निम्मेच दिसते.

पण त्या काळच्या पॅरिसच्या चांदीवर आणखी एक लिपी असते. ती भांडे उलटे केल्यावर दिसते, आणि माझा पितळी डबा मला आठवला तो तिच्यामुळे. जुन्या राजवटीत पॅरिसच्या चांदीच्या वस्तूवर सामान्यतः चार छाप पडत. पहिला घडवणाऱ्याचा: वर मुकुट घातलेले राजाचे कमळ, दोन बारीक दाणे, त्याच्या नावाची आद्याक्षरे आणि त्याने निवडलेली एखादी खूण. दुसरा करवसुली मक्त्याने घेतलेल्याचा, वस्तू अर्धी घडलेली असताना मारलेला. तिसरा सोनारांच्या संघाचा, चांदीचा कस तपासल्यावर, दरवर्षी बदलणाऱ्या अक्षराचा. चौथा कर भरल्याचा. कस ठरलेला होता: बारा भागांत साडेअकरा भाग शुद्ध चांदी, त्यात दोन दाण्यांची सूट. घडवणाऱ्याच्या छापातले ते दोन दाणे म्हणजे हीच सूट. म्हणजे कारागिराच्या सहीतच त्याच्यावरचा अविश्वास कोरलेला. छाप त्याच्या गौरवासाठी नव्हता. चांदीत भेसळ निघाली तर कोणाला धरायचे हे कळावे म्हणून होता.

असे हे दोन ठसे. एक वर, पाहणाऱ्यासाठी. दुसरा खाली, तपासणाऱ्यासाठी. एक सांगतो, ही वस्तू कोणाची; दुसरा सांगतो, दोष निघाला तर कोणाचा. आणि गंमत अशी की राजाचे कमळ दोन्हीकडे आहे.

यांखेरीज तिसरी एक व्यक्ती त्या पेटीत आहे. तिचा ठसा कुठेही नाही. चांदीवर सोन्याचा मुलामा देताना सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप देत आणि भांडे आचेवर धरत. पारा वाफ होऊन जाई, सोने मागे राही. ती वाफ ज्याच्या नाकातोंडात जाई त्याचे हात पुढे थरथरू लागत, दात हलत, आयुष्य तुटे. हे सर्वांना ठाऊक होते. पॅरिसचा आंत्वान-आंद्रे राव्रियो हा पितळी वस्तूंचा नामांकित कारखानदार १८१४ मध्ये वारला. मुलामा देणाऱ्यांना या विषापासून वाचवण्याचा उपाय जो काढील त्याच्यासाठी त्याने मृत्युपत्रात तीन हजार फ्रँक ठेवले होते. रसायनशास्त्रज्ञ दार्से याने धूर ओढून नेणाऱ्या भट्टीची रचना केली आणि बक्षीस मिळवले. तिच्यावरचा त्याचा प्रबंध १८१८ मध्ये छापला गेला. राणीची पेटी त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधीची. त्या भांड्यांची उबदार पिवळी झळाळी पाहताना मी जे ‘धातूवर उजेड कसा उतरतो ते पाहावे’ असे लिहिले होते ते मला बोचू लागले. उजेड उतरत होता तो कोणाच्या तरी फुप्फुसावरून.

पुढची गोष्ट क्रांतीची. फ्रान्सची जुनी चांदी आज इतकी दुर्मिळ का, याचे कारण केवळ क्रांती नव्हे. चौदाव्या लुईने १६८९ मध्ये आणि पंधराव्याने १७५९ मध्ये युद्धखर्चासाठी ढिगांनी चांदी वितळवली होती. पण चिन्हांवर घाव घातला तो क्रांतीने. १९ जून १७९० रोजी राष्ट्रसभेने वंशपरंपरेची सरदारकी, पदव्या आणि कुलचिन्हे रद्द केली. गाड्यांच्या दारांवरची, घरांच्या कमानींवरची ढाल खरवडली जाऊ लागली. जे चिन्ह कालपर्यंत संरक्षण होते ते आज पुरावा ठरले.

याच सुमारास एका नेसेसेरने आपल्या मालकिणीचा घात केला, किंवा निदान त्याला हातभार लावला. मारी आंत्वानेतने १७९१ मध्ये पळून जाण्याचा बेत केला तेव्हा आपली प्रवासी पेटी मागे टाकायला ती तयार होईना. तिची परिचारिका मादाम कांपाँ हिने आठवणींत लिहिले आहे की, ब्रुसेल्सला असलेल्या बहिणीला भेट म्हणून ती पेटी आधी पुढे पाठवण्यात आली. पण कपडेपट सांभाळणाऱ्या एका बाईने त्यातला अर्थ ओळखला आणि तो वर कळवला. जूनमध्ये राजकुटुंब निघाले आणि व्हारेनला पकडले गेले. ‘आवश्यक’ या शब्दावर याहून कडवट भाष्य मला माहीत नाही.

१७९१ मध्ये आणखी एक गोष्ट झाली, आणि आपल्या विषयाला ती कुलचिन्हांइतकीच महत्त्वाची आहे. कारागिरांचे जुने संघ मोडले. पूर्वी लाकडाची व हस्तिदंताची कलाकुसर करणाऱ्याने चांदीला हात लावायचा नाही, सोनाराने पेटी करायची नाही, अशी कुंपणे होती. ती पडल्यावर ज्याने संधी साधली तो मार्तें-गियोम बिएने. नॉर्मंडीतून आलेला हा लाकूडकामवाला. त्याचे पॅरिसमधल्या सेंतोनोरे रस्त्यावर दुकान होते, पाटीवर ‘जांभळे माकड’. इजिप्तहून परतलेल्या बोनापार्टला त्याने उधारीवर माल दिला आणि पुढे सम्राटाने ती उधारी आठवणीत ठेवली, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, नेपोलियनचे नेसेसेर त्याने घडवले एवढे खरे. त्यांतले एक पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आहे. रणांगणावर दाढी करायची, दात घासायचे, चहा घ्यायचा, पत्र लिहायचे, सारे एका पेटीत. आणि प्रत्येक वस्तू शेजारणीच्या पोकळीत अशी बसवलेली की सुईला जागा नाही. राणीच्या पेटीत प्रसन्नपणा आहे. या पेटीत शिस्त आहे, आणि शिस्तीचेही एक सौंदर्य असते.

तिच्यावरचे चिन्ह मात्र मला खाली उतरलेले वाटते. नेपोलियनच्या घराण्याला राजचिन्ह नव्हते. ते १८०४ मध्ये ठरवावे लागले. कोंबडा, सिंह, हत्ती अशा सूचना आल्या, आणि अखेर वीज पायाशी घेतलेला सोनेरी गरुड आला. जोडीला मधमाश्या आल्या, कारण १६५३ मध्ये तूर्नेला सापडलेल्या शिल्देरिक राजाच्या थडग्यात सोन्याच्या तशा आकृती निघाल्या होत्या. बूर्बों घराण्याच्या कमळाहून जुने काहीतरी हवे होते. १८०८ मध्ये नव्या सरदारांसाठी नवी कुलचिन्हपद्धती फर्मानाने सुरू झाली. अशा चिन्हांना काळाने घासून गोल केलेले नसते. ती कार्यालयातून बाहेर पडलेली असतात. त्यामुळे कुझिनेचा मासा नक्षीत पोहतो आणि बिएनेचा गरुड नक्षीच्या डोक्यावर बसतो.

पण भांडे उलटे करा. १७९७ च्या कायद्याने कारागिराचा छाप चौकटीच्या शंकरपाळीसारखा केला, आणि राजाचे कमळ त्यातून गेले. बिएनेच्या शंकरपाळीत बी हे अक्षर आहे आणि एक माकड. दुकानाच्या पाटीवरचे माकड हे आता कारागिराचे कुलचिन्ह झाले. सम्राटाच्या गरुडाइतकेच नवे आणि त्याच्यापेक्षा जास्त प्रामाणिक. एवढ्यावर बिएने थांबत नाही. अनेक वस्तूंवर तो आपले पुरते नाव कोरतो, सम्राटाचा सोनार, पॅरिस, अशा शब्दांत. तळाशी दडलेले नाव आता डोके वर काढू लागले आहे. नेपोलियनने सेंट हेलेनाला १८२१ मध्ये मृत्युपत्र केले. त्यात ऑस्टर्लित्झ, येना, मॉस्कोच्या लढायांच्या सकाळी वापरलेले सोन्याचे नेसेसेर मुलाला, तो सोळा वर्षांचा झाल्यावर, द्यावे असे लिहिले होते. मुलाला ते कधीच मिळाले नाही. १८३२ मध्ये तो व्हिएन्नात वारला. गरुडाचे घराणे विखुरले. माकड आजही जाणकारांना ओळखता येते.

तिसरी पेटी आपल्या सर्वांच्या ओळखीची. जुराच्या डोंगराळ प्रदेशातला लुई व्हितॉं १८३७ मध्ये पॅरिसला आला आणि पेट्या करणाऱ्या व सामान बांधून देणाऱ्या एका धंदेवाइकाकडे उमेदवारीला लागला. पुढे सम्राज्ञी युजेनीचे कपडे पेट्यांत भरण्याचे काम त्याच्याकडे आले. १८५४ मध्ये त्याने स्वतःचे दुकान काढले. रेल्वे आणि आगबोट आली होती. एकावर एक रचता येतील अशा सपाट झाकणाच्या पेट्या हव्या होत्या, त्या त्याने केल्या. ही खरी कर्तबगारी, आणि ती घाटाची आहे. १८९२ मध्ये तो वारला. नकला फार होऊ लागल्या म्हणून त्याचा मुलगा जॉर्ज याने १८९६ मध्ये बापाची आद्याक्षरे आणि फुलांच्या आकृती यांची जाळी पेटीच्या कापडावर इकडून तिकडे पसरली. जपानी घराण्यांच्या कुलचिन्हांचा त्या फुलांवर प्रभाव होता असे म्हणतात. तसे असेल तर वर्तुळ पुरे झाले: घडवणाऱ्याने कुलचिन्हाचे रूप उचलले आणि ते स्वतःच्या नावाभोवती मांडले. मालकाची अक्षरे आता रंगाच्या एका पट्ट्याशेजारी, कोपऱ्यात. जे तळाशी होते ते अंगभर झाले. जे अंगभर होते ते कोपऱ्यात गेले.

हा कारागिराचा विजय आहे का? मला तसे म्हणावेसे वाटले होते. पितळी डब्यावर ज्याचे नाव नाही त्याचा कुठेतरी सूड उगवला, असा आनंदही झाला होता. पण नीट पाहता ते नाव हातांचे उरलेले नाही. १८९६ मध्ये त्या नावाचा मूळ माणूस चार वर्षांपूर्वीच वारलेला होता. ते नाव आता स्वतःच एक घराणे झाले होते, आणि विकत घेणारा त्या घराण्याची ढाल पैसे देऊन खांद्यावर घेत होता. अँबेरच्या मुलखाबरोबर मासा विकला गेला त्यासारखेच हे; फक्त आता मासा दुकानात सुटा मिळू लागला. आणि घाटाच्या दृष्टीने पाहिले तर त्या जाळीला पेटीची कड कुठे आहे, कोपरा कुठे आहे, याची काही पर्वा नाही. ती कुठेही कापता येते. कुझिनेचा मासा असा कापता येणार नाही.

या तिसऱ्या पेटीपाशी आपल्याकडची एक वाट येऊन मिळते. व्हितॉंच्या घराण्याने १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी चहाच्या सरंजामाची प्रवासी पेटी तयार केली. सयाजीराव गायकवाड जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात. १८७५ मध्ये दत्तक होऊन बारा वर्षांच्या वयात गादीवर आले. १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या निमित्ताने हिंदुस्थानातल्या संस्थानिकांना व्हाइसरॉय लिटनच्या हातून रेशमी निशाणे मिळाली, आणि त्यांवर युरोपीय पद्धतीच्या ढालींतली कुलचिन्हे होती. ती योजली होती बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने. मराठ्यांकडे मुद्रा होती, मोर्तब होते, जरीपटका होता, घरोघर देवक होते. ढाल घेऊन तिच्यावर वंश मांडण्याची रीत नव्हती. ती एका इंग्रज कारकुनी मेजावर तयार होऊन निशाणाबरोबर हाती आली. विसांबूरहून आलेल्या राणीला जसा मासा मिळाला तसाच हा प्रकार. चिन्ह देणारा नेहमी आपण कोणाला जागा देत आहोत हे सांगत असतो. त्या अर्थाने १७२९ ची चहा-कॉफीची पेटी आणि १९२६ ची चहाची पेटी एकाच कुळातल्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की हे सारे समाजशास्त्र झाले, टीका कुठे आहे? माझे उत्तर असे. तीन पेट्यांत मी श्रेष्ठ मानतो ती कुझिनेची, आणि ती जुनी आहे किंवा राणीची आहे म्हणून नव्हे. चिन्ह आणि घाट यांचे नाते तिच्यात सर्वांत पुरे साधले आहे म्हणून. बिएनेच्या पेटीत घाट उत्तम, चिन्ह वरून बसवलेले. तिसरीत चिन्हाने घाट झाकून टाकला. हा निर्णय सौंदर्याचाच आहे. पण तो चिन्ह वाचल्याशिवाय करता आला नसता. आणि एकदा वाचायला लागले की वाचन मालकाच्या ढालीवर थांबवता येत नाही. तळाच्या छापाकडे जावे लागते, आणि तिथून ज्याचा छापच नाही त्या मुलामा देणाऱ्याकडे. राणीची पेटी मला अजूनही सुंदर वाटते. तिच्या झळाळीची किंमत कळल्यावर ती कमी सुंदर झाली असे मी म्हणणार नाही. ते खोटे ठरेल. फक्त आता ती पाहताना मला पूर्वीसारखे निश्चिंत राहता येत नाही.

तो जुना लेख पुन्हा छापण्याची वेळ आली तर त्यातले एक वाक्य मी बदलीन. ‘वस्तूवरचे नाव वगळून वस्तू पाहावी’ असे तिथे आहे. त्याऐवजी, वस्तूवर कोणाचे नाव आहे ते वाचावे, ते कोणत्या जागी आहे ते पाहावे, आणि कोणाचे नाही ते विचारावे, असे लिहीन. परत आल्यावर घरचा डबा मी उलटा करून पाहिला. तळ कोरा होता.